११२-०, एक थप्पड आणि बिनकोचची टीम

११२-०. टायपिंग मिस्टेक नाहीये, शाळेच्या पोरांच्या रग्बी मॅचचा खरा स्कोअर आहे. साल १९७५, गाव क्योतो. जिंकली हानाझोनो हायस्कूल आणि हरली फुशिमी कोग्यो, म्हणजे फुशिमी भागातली टेक्निकल हायस्कूल. फुशिमी म्हटल्यावर इन्स्टावाल्यांना ते लाल तोरी गेट्सची रांगच रांग असलेलं इनारीचं देऊळ आठवेल, ही शाळा त्याच भागातली, पण तेव्हा तिचे फोटो काढायला कोणी गेलं नसतं. मारामाऱ्या, सिगरेटी, मास्तरांना न जुमानणं, एवढीच तिची ओळख होती.

या एका मॅचवर जपानी लोक इतकी वर्षं जगतायत की काय सांगू. आधी पुस्तक आलं, मग १९८४ च्या ऑक्टोबरात टीबीएस या टीव्ही चॅनेलवर 'स्कूल वॉर्स' नावाची सिरियल सुरू झाली, २६ एपिसोड, पुढे एनएचके या दुसऱ्या चॅनेलने डॉक्युमेंटरी केली, आणि २००४ मध्ये सिनेमा, त्यात कोचच्या भूमिकेत शोएई नावाचा धिप्पाड नट, जो कॉलेजात असताना भालाफेक करायचा. गोष्ट सगळ्यांची तीच. माया करणारा, भडकणारा, ढसाढसा रडणारा एक मास्तर येतो आणि वाया गेलेल्या पोरांना रग्बी शिकवून माणसात आणतो.

मी पुण्यात जपानी शिकले. इथे जपानी शिकणाऱ्यांना तोटा नाही, ओकायामाच्या बागेवरून केलेलं पु. ल. देशपांडे उद्यान आहे, परीक्षांना ही गर्दी असते, हिंजवडी आणि चाकणला कामं आहेत. आमच्या क्लासमध्ये ऐकायची सवय व्हावी म्हणून जुन्या सिरियल बघा असं सगळेच सांगायचे, तर त्या नादात ही हाती लागली. रग्बीचं मला तोपर्यंत घंटा काही कळत नव्हतं. बॉम्बे जिमखान्यावर खेळतात म्हणे, इतपत ज्ञान. त्यामुळे ११२-० मधला शून्य किती जड असतो ते कळायला आधी खेळ समजून घ्यावा लागला.

तर बघा. तेव्हा ट्रायला, म्हणजे बॉल समोरच्याच्या गोललाइनपलीकडे नेऊन जमिनीवर टेकवला की, चार गुण मिळायचे, आता पाच मिळतात. त्यानंतरची किक पोस्टच्या मधून गेली की आणखी दोन. म्हणजे प्रत्येक वेळी सहाच्या सहा मिळाले असं धरलं तरी एकोणीसेक ट्राय झाले. शाळेची मॅच साधारण तासाभराची, म्हणजे दर तीन मिनिटांनी एक. आणि दर ट्रायनंतर काय होतं, तर समोरचा किक मारेपर्यंत मार खाल्लेली टीम आपल्याच गोलपोस्टच्या खाली घोळका करून उभी राहते. पंधरा पोरं, धापा टाकत, कमरेवर हात, कोणी कोणाकडे बघत नाही. किक गेली. मग सगळ्यांनी पाय ओढत मैदानाच्या मध्यापर्यंत चालत जायचं, आणि खरी गंमत इथे आहे, पंधराच्या रग्बीत ज्याने मार खाल्ला त्यानेच पुढची किक मारून खेळ सुरू करायचा असतो. म्हणजे बॉल परत समोरच्याकडेच भिरकावून द्यायचा आणि घे बाबा, ये परत अंगावर, म्हणायचं. हे एकोणीस वेळा. क्रिकेटमध्ये ऑल आउट झालं की निदान पॅव्हिलियनमध्ये तोंड लपवून बसता येतं.

जाता जाता एक सांगते, कारण माझाही आधी गोंधळ झालेला. हानाझोनो नावाची ही क्योतोतली शाळा, म्योशिनजी या झेन बौद्ध मठाच्या परंपरेतली. आणि हानाझोनो नावाचंच रग्बीचं स्टेडियम आहे, ते ओसाकाच्या शेजारी हिगाशी-ओसाकात, १९२९ मध्ये बांधलेलं, जिथे दरवर्षी डिसेंबरच्या शेवटाला हायस्कूलांची नॅशनल टुर्नामेंट सुरू होते. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. पण जपानी शाळेतल्या रग्बीवाल्या पोराला विचारलं कुठे जायचंय, तर तो 'हानाझोनो' म्हणेल आणि त्याला ते स्टेडियम म्हणायचं असेल. बेसबॉलवाल्यांना जसं कोशिएनचं स्टेडियम, तसं यांना हे.

सिरियलमध्ये शाळेचं नाव बदललंय, गाव बदललंय, स्कोअर पण ११२ चा १०९ केलाय, का कोण जाणे. पहिल्याच एपिसोडमध्ये शाळेच्या कॉरिडॉरमधून पोरं मोटरसायकली पळवतात, काचा फुटतायत, पोरी किंचाळतायत, मागे त्या काळातल्या एका गाजलेल्या इंग्लिश पॉप गाण्याचं जपानी व्हर्जन वाजतंय. आज बघताना हसू येतं. पण त्या वेळच्या प्रेक्षकाला ते फार खोटं वाटलं नसणार, कारण १९७० च्या दशकाच्या शेवटापासून जपानमध्ये शाळांमधली मारामारी, मास्तरांवर हात टाकणं, हा देशपातळीवरचा प्रश्न झाला होता, पेपरांत रोज काही ना काही. श्रीमंत होत चाललेल्या देशात मागे पडलेली पोरं, ज्यांना चांगल्या शाळेत नंबर लागला नाही म्हणून टेक्निकलला टाकलेलं, आणि त्यांनाही ते माहीत.

अशा शाळेत ताकिझावा नावाचा मास्तर येतो. खऱ्या आयुष्यातले यामागुची योशिहारु जपानच्या नॅशनल टीमकडून फ्लँकर या जागेवर खेळलेले, १९७४ मध्ये फुशिमीला शिक्षक म्हणून आले आणि पुढच्या वर्षी रग्बीचे कोच झाले. लोक त्यांना 'रडका मास्तर' म्हणायचे, प्रेमाने. ताकिझावा पण रडतो. बाप रे, किती रडतो! पोरगं चुकलं की रडतो, सुधारलं की रडतो. आपल्या मराठी घरात मोठा पुरुष रडला तर सगळे भांड्यांची आवाजी आवराआवर सुरू करतात, त्यामुळे मला सुरुवातीला फारच ऑकवर्ड व्हायचं, मग सवय झाली, आणि मग चक्क मीही त्याच्याबरोबर नाक पुसायला लागले. एक आजारी पोरगं आहे त्यात, किडकिडीत, टोपणनाव इसाप, खेळता येत नाही पण टीमच्या जर्सीसाठी सिंहाचं चिन्ह काढतो, आणि मग ब्रेन ट्यूमरने जातो. आजारी मुलाला मारून प्रेक्षकांना रडवायचं हे आपल्याला काही नवीन नाही, मला ते कळत होतं, तरी रडले. असो.

आता तो सीन.

मॅच संपलीये, १०९-०. पोरं चेंजिंग रूममध्ये आलीयत आणि टवाळक्या करतायत. हरलो तर हरलो, त्यात काय, असा सूर. ताकिझावा येतो, बघतो, आणि फुटतो. ते पण हायस्कूलची पोरं, तुम्ही पण हायस्कूलची पोरं, तेवढंच खाता, तेवढंच वय, मग त्यांना शंभर आणि तुम्हाला शून्य का? तुम्ही माणूस म्हणून पण शून्य आहात का? लाज नाही वाटत? हळूहळू एकेकाचा चेहरा बदलायला लागतो, आणि शेवटी एक जण ओरडतो, वाटतेय, खूप वाटतेय, जिंकायचंय मला. मग दुसरा, मग तिसरा. आणि मग ताकिझावा म्हणतो, आता मी तुम्हाला मारणार आहे. आणि रांगेत एकेकाला सण्णकन ठेवून देतो, स्वतः रडत रडत. पोरंही रडतायत, मार खातायत, गळ्यात पडतायत.

जपानमध्ये हा सीन इतका फेमस आहे की एका कॉमेडियनने त्यातल्या रडत ओरडण्याच्या डायलॉगवर आपलं अख्खं करिअर काढलं. ज्यांनी सिरियल बघितली नाही त्यांनाही तो माहीत असतो. आणि खरं सांगायचं तर सीन जबरदस्त आहे. पहिल्यांदा बघताना माझ्या अंगावर काटा आला होता.

दुसऱ्यांदा बघताना मात्र आमच्या शाळेतले पीटीचे सर आठवले. नाव सांगत नाही. लेझीमची ओळ वाकडी झाली तरी पोरांच्या पोटऱ्यांवर पट्टी, परेडला उशीर झाला तर ग्राउंडभर बेडूकउड्या, आणि वर 'तुमच्या भल्यासाठीच'. गॅदरिंगला माजी विद्यार्थी स्टेजवर येऊन सांगायचे की सरांच्या माराने आम्ही घडलो, आणि टाळ्या. ज्यांनी त्या माराने शाळाच सोडली ते गॅदरिंगला भाषण करायला येत नाहीत ना. मला तेव्हाही हे गणित पटायचं नाही आणि ताकिझावाच्या सीनमध्येही तेच गणित आहे, फक्त लायटिंग चांगलं आहे.

गंमत म्हणजे जपानमध्ये शिक्षकाने मुलाला मारणं १९४७ च्या शिक्षण कायद्यानेच बंद केलेलं. म्हणजे ताकिझावा जे करतो ते तेव्हाही बेकायदा होतं, आणि तरी अख्खा देश टीव्हीसमोर बसून डोळे पुसत होता. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमात तेच लिहिलंय, मुलाला शारीरिक शिक्षा नाही, मानसिक त्रास नाही. कलम आहे. पट्ट्या पण आहेत.

आणि हे नुसतं तत्त्वाचं भांडण नाहीये. २०१२ च्या डिसेंबरात ओसाकातल्या एका हायस्कूलच्या बास्केटबॉल टीमच्या कॅप्टनने, १७ वर्षांचा मुलगा, कोचच्या माराला कंटाळून आत्महत्या केली. कोचवर खटला चालला, दोषी ठरला. पाठोपाठ २०१३ च्या सुरुवातीला जुदोच्या महिला नॅशनल टीमच्या १५ खेळाडूंनी कोच मारहाण करतो अशी तक्रार केल्याचं बाहेर आलं आणि त्याला जावं लागलं. तेव्हा जपानमध्ये एकदम चर्चा सुरू झाली की हे आलं कुठून, आणि बऱ्याच जणांनी बोट दाखवलं ते अशा रक्त तापवणाऱ्या मास्तरांच्या सिरियलींकडे. सगळा दोष एका सिरियलवर टाकणं मला काही पटत नाही. खेळात मारायची पद्धत टीव्हीच्या आधीपासून आहे, आपल्या तालमीतल्या वस्तादांनी काय 'स्कूल वॉर्स' बघितली होती का? पण एक आहे, ज्या कोचला मारायचंच होतं त्याच्या हातात या सीनने एक सुंदर कारण दिलं. मी मारतो कारण मला तुमची कळकळ आहे, बघा, मी पण रडतोय.

हे सगळं मी सिरियलमधल्या ताकिझावाबद्दल बोलतेय. खऱ्या यामागुचींनी त्या मॅचबद्दल स्वतः जे अनेकदा सांगितलंय ते मला त्या सीनपेक्षा कितीतरी भारी वाटतं, आणि त्यात कोणाला मारायचा प्रश्नच येत नाही. ते म्हणतात की मॅच चालू असताना आधी त्यांना पोरांचाच राग येत होता. काय खेळतायत ही, टॅकल करून बॉलवाल्याला पाडत नाहीत, पळत नाहीत. स्कोअर वाढतच चाललेला. आणि मग मध्येच कधीतरी त्यांच्या डोक्यात आलं की आपण या पोरांसाठी नेमकं केलंय तरी काय? मी कोच आहे, मी जपानकडून खेळलोय, हा तोरा मिरवण्यापलीकडे? पोरांना किती लाज वाटत असेल, किती वाईट वाटत असेल, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं, आणि त्यांना पोरांची माफी मागावीशी वाटली. साइडलाइनवर उभा असलेला एक माणूस, बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, स्कोअरबोर्ड सत्तर ऐंशी नव्वद असा पळतोय, आणि याच्या आत सगळं उलटंपालटं होतंय. आता हे कॅमेऱ्यावर कसं दाखवणार? थप्पड दाखवायला सोपी.

आणि त्यानंतरचं काम तर आणखी कंटाळवाणं. टॅकल शिकवताना सुरुवातीला दोघांनाही गुडघ्यावर बसवतात. समोरच्याच्या मांडीला खांदा भिडवायचा, डोकं त्याच्या ढुंगणाच्या बाजूला ठेवायचं, पुढे नाही, दोन्ही हात त्याच्या पायांभोवती आवळायचे आणि सोडायचं नाही. डोकं चुकीच्या बाजूला गेलं की त्याचा गुडघा थेट कपाळात. हे शंभरदा. मग उभं राहून. मग चालत. मग पळत येणाऱ्यावर, आणि इथे भलेभले डोळे मिटून घेतात, कारण अंगावर पळत येणाऱ्या माणसाच्या मांड्यांमध्ये डोकं घालणं ही माणसाच्या स्वभावात बसणारी गोष्टच नाही. रस्त्यावर मारामाऱ्या करणारा दादा सुद्धा इथे बिचकतो. मारणं वेगळं आणि समोरून येणाऱ्याला अंगावर घेणं वेगळं, त्याला अंगाबरोबर बाजूच्या पोरावरही भरवसा लागतो, की मी चुकलो तर हा धरेल.

मला वाटतं फुशिमीच्या पोरांना रग्बीनेच जास्त बदललं. या खेळात सगळ्या आकाराची माणसं लागतात. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही टीम खांदे भिडवून एकमेकींना रेटतात तिथे, पुढे प्रॉप म्हणून ढोल्या पोरांची गरज, लाइनआउटला, म्हणजे बाजूच्या रेषेवरून बॉल आत फेकतात तेव्हा तो वर झेलायला, उंच पोरं, विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला, वाऱ्यासारखी पळणारी, आणि स्क्रमच्या मागे बॉल उचलून देणारा स्क्रम-हाफ, जो बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात बुटका आणि सगळ्यात बडबड्या असतो. ज्या पोराला आयुष्यभर तू जाडा म्हणून चिडवलं त्याला पहिल्यांदाच कोणीतरी सांगतं, तू नसलास तर आमचा स्क्रम कोसळेल. आणि बॉल हाताने पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा, म्हणजे पुढे जायचं असेल तर मागून कोणीतरी पळत येत असलं पाहिजे. एकट्या दादाचं इथे काही चालत नाही. आमच्या पीटीच्या सरांनी पट्टी बाजूला ठेवून हे नुसतं समजावलं असतं ना, तर मीसुद्धा ग्राउंडवर गेले असते.

एका वर्षाने, १९७६ मध्ये, त्याच फुशिमीने त्याच हानाझोनोला क्योतोच्या फायनलमध्ये १८-१२ ने हरवलं. एका वर्षात! इथे सिनेमा संपवायचा मोह कोणालाही होईल. पण माझी आवडती मॅच पुढची आहे, जानेवारी १९८१, हानाझोनो स्टेडियम, नॅशनल फायनल. समोर ओसाका कोदाई हायस्कूल. दोन्हीकडे तीन गुणांची एकेक पेनल्टी किक, ३-३, वेळ संपून इंज्युरी टाइम चालू आहे, बरोबरी होणार आणि ट्रॉफी वाटून घ्यायला लागणार असंच सगळ्यांना वाटतंय. तेवढ्यात फुशिमीच्या मागच्या फळीतून बॉल हातोहात फिरत बाहेर विंगपर्यंत जातो आणि तो पोरगा कोपऱ्यात ट्राय करतो. ७-३. संपलं. ११२ च्या समोर ७ हा आकडा किती किरकोळ दिसतो नाही? मला म्हणूनच तो आवडतो.

त्या टीमचा कॅप्टन होता हिराओ सेइजी, फ्लाय-हाफ, म्हणजे टीमचा खेळ चालवणारा, देखणा, डोक्याने खेळणारा. यामागुचींनीच त्याला फुशिमीला आणलेलं. आणि माझं म्हणणं असं की ही गोष्ट खरी समजून घ्यायची असेल तर सिरियल संपल्यावर या हिराओच्या मागे जावं.

हिराओ फुशिमीनंतर दोशिशा युनिव्हर्सिटीत गेला. तिथे ओका हितोशी नावाचे कोच होते, ज्यांचा सगळा भर पोरांनी स्वतः विचार करून खेळावं यावर. रक्त, घाम, अश्रू या लाइनीतून आलेला मुलगा एकदम उलट्या वातावरणात पडला, आणि बहरला. दोशिशाने लागोपाठ तीन वर्षं युनिव्हर्सिटी चॅम्पियनशिप जिंकली. मग गडी इंग्लंडला गेला, लंडनच्या रिचमंड क्लबकडून खेळला, आणि तिथे असताना एका फॅशन मॅगझिनमध्ये त्याचे फोटो छापून आले तर जपानी रग्बीवाले बिथरले, अमॅच्युअर खेळाडू मॉडेलिंग करतो म्हणजे काय, आणि त्याला नॅशनल टीमच्या यादीतून काढलं. आज क्रिकेटवाले बनियनपासून बँकेपर्यंत सगळ्याच्या जाहिराती करतात ते बघून त्याला काय वाटलं असतं कोण जाणे.

परत आल्यावर तो कोबे स्टीलमध्ये लागला. ही कंपनीची टीम. आणि या टीमची खासियत काय, तर तिथे वर बसून हुकूम सोडणारा कोच नव्हता, ती पद्धतच त्यांनी बंद केलेली. सराव काय करायचा, किती करायचा, डावपेच काय, खेळाडू आपसात बसून ठरवायचे. सरावाचे तास कमी, बडबड जास्त. जपानमध्ये! जिथे शाळेतली पोरं सुद्धा सिनिअरला वाकून नमस्कार केल्याशिवाय ग्राउंडवर पाय ठेवत नाहीत. हिराओ कॅप्टन झाला आणि या टीमने लागोपाठ सात वर्षं नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली. सातवी १५ जानेवारी १९९५ ला. दोनच दिवसांनी, १७ जानेवारीच्या पहाटे, कोबे शहर हादरवणारा तो मोठा भूकंप झाला.

म्हणजे थप्पडवाल्या सिरियलच्या खऱ्या हीरोचा सगळ्यात नाव काढलेला विद्यार्थी पुढे अशी टीम चालवतो जिथे थप्पड मारायला माणूसच ठेवलेला नाही. आणि तो यामागुचींना विसरला वगैरे अजिबात नाही, शेवटपर्यंत मानत होता. मला यात विरोधाभास दिसत नाही. यामागुचींकडून त्याने जे घेतलं ते पोरांवरचं लक्ष घेतलं असणार, आणि बाकीचं तिथेच ठेवून दिलं. प्रेक्षकांनी नेमकं उलट केलं.

हिराओची कोचिंगची कारकीर्द काही फुलांची नव्हती हेही सांगायला हवं. १९९९ च्या वर्ल्ड कपला तो जपानचा कोच होता आणि तीनही मॅच हरले. त्याआधी १९९५ च्या वर्ल्ड कपला तर न्यूझीलंडने जपानला १४५-१७ ने तुडवलेलं, त्यापुढे आपलं ११२ लाजेल. जपानची रग्बी जगाला दिसायला २०१५ उजाडलं, ब्रायटनमध्ये साउथ आफ्रिकेला ३४-३२ ने हरवलं तेव्हा. हिराओने ते बघितलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१६ मध्ये, तो कॅन्सरने गेला, ५३ वर्षांचा. २०१९ चा वर्ल्ड कप जपानमध्ये झाला, हानाझोनोला पण मॅचेस झाल्या, तो काही त्याला बघायला मिळाला नाही.

त्याचा जवळचा मित्र म्हणजे यामानाका शिन्या, स्टेम सेलवाले नोबेल विजेते, जे स्वतः कॉलेजात रग्बी खेळलेले आणि हिराओचे फॅन. हिराओच्या शोकसभेत यामानाकांनी सांगितलं की हिराओने त्यांना माणसाला रागवायचं कसं याच्या चार गोष्टी शिकवल्या होत्या. खेळातल्या चुकीबद्दल बोल, माणसाच्या स्वभावावर जाऊ नकोस. नंतर त्याची विचारपूस नक्की कर. दुसऱ्या कोणाशी तुलना करू नकोस. आणि फार वेळ रागवत बसू नकोस. आता हे वाचून परत तो चेंजिंग रूमचा सीन बघा. ताकिझावा पहिल्या दोन मिनिटांत पोरांना माणूस म्हणून शून्य ठरवतो आणि समोरच्या टीमच्या पोरांशी तुलना करतो. चारातले दोन नियम तिथेच गेले, हात उचलायच्याही आधी. मला तर वाटतं हिराओने ते चार नियम कुठलंही मॅनेजमेंटचं पुस्तक वाचून काढलेले नसणार, रांगेत उभं राहून रागावून घेणारा पोरगाच ते काढू शकतो.

फुशिमी कोग्यो नावाची शाळा आता राहिली नाही. दुसऱ्या टेक्निकल शाळेत विलीन करून २०१६ मध्ये क्योतो कोगाकुइन अशी नवीन शाळा झाली. जर्सी लालच ठेवलीये. या नव्या नावाने टीम पहिल्यांदा नॅशनलला पोचली ती २०२४ च्या डिसेंबरात, आणि त्या वेळी जपानी पेपरांनी हेडिंगमध्ये शाळेच्या नावाच्या आधी काय छापलं असेल तर 'स्कूल वॉर्स'. चाळीस वर्षं झाली त्या सिरियलला. ग्राउंडवरची पोरं जन्मली पण नव्हती, त्यांच्या आईबापांनी शाळेत असताना बघितली असेल.

तरी सिरियल बघू नका असं मी म्हणणार नाही. जपानी शिकत असाल तर बघाच, शिव्या चांगल्या शिकायला मिळतात. फक्त मला आता दुसराच सिनेमा बघायचाय, कोबे स्टीलवरचा. अडचण एवढीच आहे की त्यात कोणी कोणाला मारत नाही, पावसात गुडघ्यावर बसून रडत नाही, कॉरिडॉरमध्ये मोटरसायकल नाही. ऑफिस सुटल्यावर दमलेली पंधरावीस माणसं एका खोलीत बसून मागच्या मॅचची टेप पुढेमागे करत वाद घालतायत की बॉल त्या वेळी डावीकडे द्यायला हवा होता का उजवीकडे, आणि कॅप्टन मध्येच म्हणतोय, थांबा, तो काय म्हणतोय ते ऐकू द्या. यावर पैसे लावणारा प्रोड्युसर कुठून आणायचा?